विद्यापीठांचा कारभार आणि विद्यार्थ्यांचें मनःस्वास्थ्य

प्रतिवर्षीं ऑक्टोबर महिन्याच्या १० तारखेस जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो, आणि त्या दिवशीं आमच्या महाविद्यालयांतून व विद्यापीठांतून एक ठराविक सोहळा होतो. कोणा तज्ज्ञाचें व्याख्यान होतें, विद्यार्थ्यांकडून भित्तिपत्रकें करवून घेतलीं जातात, मन मोकळें करण्याची शपथ घेवविली जाते, छायाचित्रें निघतात व अहवाल तयार होतो. मागील एका खेपेस अशा सोहळ्याची सूचना ज्या फलकावर लागली होती, त्याच फलकावर तिच्या शेजारीं एक जुनी, उन्हानें पिवळी पडलेली सूचना होती: अमुक वर्गाच्या दुसऱ्या सत्राचा निकाल 'लवकरच' जाहीर होईल. तिच्यावरील तारीख जून महिन्यांतील होती. फलकापुढें विद्यार्थी उभे होते. पहिल्या सूचनेकडे कोणी पाहत नव्हता, दुसरी मात्र सर्वांची पाठ झालेली होती. या दोन कागदांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, हें ते लावणाऱ्यांच्या गांवींही नव्हतें. तो संबंध दाखवावा एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच आहे.

माझें म्हणणें प्रारंभींच स्पष्ट सांगतों, म्हणजे तें मान्य वा अमान्य करणें वाचकांस सोयीचें होईल. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न हा वैद्यकाचा प्रश्न आहेच. परंतु विद्यापीठापुरतें बोलावयाचें तर तो प्रथम कारभाराचा प्रश्न आहे. वेळेवर निकाल लावणें, विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणें, आपली चूक आपल्या माथीं घेणें, विद्यार्थ्याच्या हक्काचे पैसे ठरल्या दिवशीं त्याच्या हातीं पडतील असें पाहणें, आणि नियम करतांना ज्यांच्यासाठीं तो करावयाचा त्यांस दोन शब्द विचारणें, या पांच गोष्टी जें विद्यापीठ करीत नाहीं, त्यानें समुपदेशनाचे शंभर कक्ष उघडले तरी तें विद्यार्थ्यांचें मन राखीत आहे असें म्हणतां येणार नाहीं. आमच्यांत म्हण आहे कीं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सध्यांचा प्रकार त्याहून निराळा नाहीं. रोग कारभाराला आहे, आणि दीर्घ श्वास घ्यावयास विद्यार्थ्यांस शिकविलें जात आहे.

प्रश्नाचा आवांका एकदां आंकड्यांनीं पाहूं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत १,७०,९२४ जणांनीं आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यवार पाहतां विद्यार्थ्यांचा हा आंकडा महाराष्ट्रांत सर्वांत मोठा, म्हणजे १,७६४ होता. देशभरांत २,२४८ मृत्यूंपुढें 'परीक्षेंतील अपयश' असें कारण नोंदलें गेलें. या आंकड्यांत शाळेंतील मुलेंही आहेत, आणि माणूस कधींही एकाच कारणानें जिवाला कंटाळत नाहीं, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. पोलिसांच्या तक्त्यांत कारणाचा रकाना एकच असतो, जीवनांत तसा तो नसतो. म्हणून 'निकाल लांबला आणि जीव गेला' असें उथळ समीकरण मी मांडणार नाहीं. माझा रोख या आंकड्यांत न आलेल्या लाखों विद्यार्थ्यांकडे आहे. ते जिवंत आहेत, वर्गांत बसतात, हजेरी देतात. परंतु आपलें कोणी ऐकेल ही आशा त्यांनीं कधींच सोडलेली असते. मोठ्या अनर्थाची जमीन तेथें तयार होते.

हा प्रश्न मोबाइल व समाजमाध्यमें यांच्याबरोबर जन्मास आला, अशी एक सोयीची समजूत आहे. ती खरी नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झालें, आणि त्या वेळीं त्याचें मुख्य काम शिकविणें हें नसून परीक्षा घेणें व पदव्या देणें हें होतें. त्याच विद्यापीठाच्या अगदीं पहिल्या पदवीधरांपैकीं एक, न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे, यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पदवीधरांच्या अकालीं होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न जाहीरपणें पुढें आणला. सारा दोष त्या तरुणांच्या दुबळ्या प्रकृतीवर ढकलून मोकळें होणें तेव्हांही सोपें होतें. रानड्यांनीं मात्र परीक्षांच्या ओझ्यावर बोट ठेविलें व तें हलकें करण्याचा आग्रह धरला. म्हणजे विद्यार्थ्याच्या देहामनाची हानि हा विद्यापीठाच्या नियमांशीं जोडलेला प्रश्न आहे, ही दृष्टि आम्हांस सव्वाशें वर्षांपूर्वींच मिळालेली होती. आम्हीं ती हरवली. परीक्षा घेणारें यंत्र मात्र आम्हीं जपून ठेविलें. आजही पुष्कळ विद्यापीठांस आपला विद्यार्थी ओळखीचा आहे तो बैठक क्रमांक म्हणूनच.

आतां कायदा काय सांगतो तें पाहूं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याच्या कलम ८९ मध्यें असें आहे कीं, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठानें प्रयत्न करावा, आणि कोणत्याही परिस्थितींत तो ४५ दिवसांच्या आंत लावावा. हा कायदा अमलांत आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यांत, म्हणजे २०१७ सालीं, मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धति घाईनें लागू केली, आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले. कुलपतींनीं घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. अनेक विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश, विशेषतः परदेशांतील, अडचणींत आले. अखेर ऑक्टोबर महिन्यांत कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें. एवढी मोठी कारवाई झाली म्हणून तें प्रकरण सर्वांच्या लक्षांत राहिलें. परंतु लहान प्रमाणांत तोच प्रकार ठिकठिकाणीं होत असतो, आणि त्याविषयीं कोणालाही दूर केलें जात नाहीं. दूर होतात ते विद्यार्थीच. सेहेचाळीसावा दिवस उजाडला तर विद्यापीठास काय दंड पडेल, हें कायद्याच्या त्या कलमांत सांगितलेलें नाहीं. विद्यार्थ्यानें परीक्षेचा अर्ज एक दिवस उशिरां भरला तर मात्र त्याला किती विलंबशुल्क पडेल, हें प्रत्येक विद्यापीठाच्या परिपत्रकांत रुपयांसह छापलेलें असतें. ज्या संस्थेंत उशिराचा दंड एकाच बाजूस आहे, तेथें कोणाची झोप उडेल हें सांगावयास मानसशास्त्रज्ञ नको.

येथें मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगतांना मला आनंद होत नाहीं, कारण तींतील अपराधी मीच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचा अखेरच्या सत्राचा निकाल 'राखून ठेवला' असा शेरा घेऊन आला. मुलगा तालुक्याच्या गांवाहून आलेला, घरांतील पहिलाच पदवीपर्यंत पोंचलेला. एका नोकरीच्या लेखी परीक्षेंत तो उत्तीर्ण झाला होता, व कागदपत्रांच्या पडताळणीसाठीं त्याला गुणपत्रिका हवी होती. तो विद्यापीठांत गेला. एका खिडकीवर त्याला सांगण्यांत आलें कीं महाविद्यालयाचें पत्र आणा. महाविद्यालयांत सांगण्यांत आलें कीं पत्र केव्हांच गेलें आहे. पुन्हां विद्यापीठांत गेला तेव्हां ती खिडकी दुसऱ्या इमारतींत गेली होती. असे सात हेलपाटे झाले. पडताळणीची तारीख निघून गेली. घरीं वडिलांस वाटे कीं पोरगा नापास झाला आहे व लपवीत आहे. चार महिन्यांनीं उलगडा झाला: अंतर्गत गुणांच्या यादींत त्याच्या नांवापुढील रकाना कोरा राहिला होता, आणि ती यादी माझ्या हातची होती. मीं दुरुस्तीचें पत्र लिहिलें, निकाल लागला, पहिला वर्ग आला. तो दाखला घेण्यास आला तेव्हां मीं त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, चूक तुमची असेल असें मला वाटलेंच नाहीं. मला वाटलें, माझेंच कांहीं तरी राहिलें असेल."

तें वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं. त्यानें मला शिव्या दिल्या असत्या तर मी लवकर विसरलों असतों. सात हेलपाट्यांत त्याला एकही माणूस असा भेटला नाहीं कीं जो म्हणेल, 'ही आमची चूक आहे, तुझी नव्हे.' आणि ज्या चुकीला मालक नसतो ती अखेरीस सर्वांत दुबळ्याच्या पदरीं पडते. कारभाराच्या दिरंगाईचें रूपांतर विद्यार्थ्याच्या मनांत आत्मनिंदेंत होतें, आणि हें रूपांतर इतकें निमूटपणें होतें कीं त्याची नोंद कोणत्याच दफ्तरांत होत नाहीं. त्या काळांत तो समुपदेशकाकडे गेला असता तर त्यानें काय सांगितलें असतें? चिंता वाटते, झोप येत नाहीं, आत्मविश्वास गेला. समुपदेशकानें त्याला धीर दिला असता, व तें चांगलेंच झालें असतें. परंतु औषध त्याच्या मनांत नव्हतें. तें माझ्या यादींतील कोऱ्या रकान्यांत होतें.

मानसशास्त्राचा आधार हवाच असेल तर तोही आहे. मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग विख्यात आहेत. आपण कांहींही केलें तरी विजेचा धक्का थांबत नाहीं, असा अनुभव ज्या कुत्र्यांस आधीं आला होता, त्यांतले पुष्कळसे पुढें सुटकेची वाट मोकळी असतांही जागचे हलेनात. यालाच शिकलेली असहायता म्हणण्याचा प्रघात पडला. पुढें जवळजवळ पन्नास वर्षांनीं, २०१६ सालीं, त्याच दोघांनीं आपला सिद्धांत सुधारून मांडला: असहायता ही शिकावी लागत नाहीं, ती दीर्घ संकटांत प्राण्याची स्वाभाविक अवस्थाच असते, शिकावा लागतो तो 'माझ्या करण्यानें कांहीं घडतें' हा विश्वास. विद्यापीठानें विद्यार्थ्यास कोणता विषय शिकवावा याविषयीं पुष्कळ वाद आहेत. पण हा एक विषय त्यानें शिकवावा याविषयीं वाद असूं नये. तो व्याख्यानांनीं शिकवितां येत नाहीं. अर्जास उत्तर आलें, तक्रारीचा निकाल लागला, विचारल्यावर नियम बदलला, अशा अनुभवांनींच तो शिकला जातो. आणि आमचा कारभार रोज नेमका याच्या उलट धडा देत असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां सर्वोच्च न्यायालयानेंच समुपदेशक नेमण्याचें बंधन घातलें आहे, तेव्हां प्रश्न मार्गीं लागला. न्यायालयानें काय केलें तें नीट पाहिलें पाहिजे. २४ मार्च २०२५ रोजीं दिल्ली येथील आय.आय.टी.मधील दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूंच्या प्रकरणांत निर्णय देतांना न्यायालयानें माजी न्यायमूर्ति एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखालीं एक राष्ट्रीय कृतिदल नेमलें, व त्यास आत्महत्यांचीं कारणें शोधण्यास सांगितलें. त्या कारणांच्या यादींत रॅगिंग, जातिभेद, लैंगिक छळ, अभ्यासाचा ताण व आर्थिक भार यांचा उल्लेख आहे. यांतील प्रत्येक कारण संस्थेच्या आवारांतील, संस्थेच्या अधिकारांतील आहे. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजीं, विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधींच्या प्रकरणांत, न्यायालयानें १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, ही त्यांतील एक. परंतु संस्थेनें लेखी धोरण ठरवावें व त्याचा दरवर्षीं आढावा घ्यावा, नांवें न घालतां वार्षिक नोंदी ठेवाव्यात, आणि परीक्षेच्या पद्धतीचा वेळोवेळीं फेरविचार करून ओझें कमी करावें, हेंही त्यांतच आहे. आमच्या संस्थांनीं या पंधरांतून कोणती सूचना सर्वांत आधीं उचलली? जिचा फलक लावतां येतो ती. परीक्षापद्धतीच्या फेरविचाराचा फलक लावतां येत नाहीं.

आणि त्या फलकामागें काय असतें? पुष्कळ ठिकाणीं मानसशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून हें काम दिलेलें असतें. सकाळीं तोच शिक्षक अंतर्गत गुण देतो, दुपारीं त्याच्यापुढेंच विद्यार्थ्यानें आपलें मन उघडें करावें अशी अपेक्षा असते. खोली प्राचार्यांच्या दालनाशेजारीं, दाराशीं नोंदवही, नोंदवहींत पूर्ण नांव व वर्ग. ज्याला आधींच लाज वाटते आहे त्यानें त्या दारांतून आंत जावें तरी कसें? ज्या देशांत एक लाख लोकसंख्येमागें एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धां पुरा पडत नाहीं, तेथें प्रशिक्षित माणसें मिळणें कठीण, हें मी जाणतों. परंतु मिळालेल्या माणसाचा उपयोग तरी आम्ही नीट करतों काय? समुपदेशक हा संस्थेचा कान आहे. वर्षभरांत शंभर विद्यार्थी येऊन गेले व त्यांतील चाळीस जणांनीं एकाच कार्यालयाविषयीं, एकाच वसतिगृहाविषयीं किंवा एकाच नियमाविषयीं गाऱ्हाणें सांगितलें, तर ती चाळीस दुबळ्या मनांची कथा नसून एका दुबळ्या कार्यालयाची कथा आहे. नांवें गुप्त ठेवून ती कथा व्यवस्थापन परिषदेपुढें व अधिसभेपुढें आली पाहिजे. तशी ती येत नसेल, तर समुपदेशक म्हणजे गळणाऱ्या छपराखालीं ठेवलेली बादली होय. बादली भरली कीं रिकामी करावयाची, छपराकडे मान वर करून पाहावयाचें नाहीं.

दुसरा आक्षेप आमच्या पिढीच्या प्राध्यापकांच्या तोंडीं नेहमीं असतो: 'आमच्या वेळीं हीं थेरें नव्हतीं; आम्हीं सारें सोसलें.' मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला आहें, म्हणून हा आक्षेप आंतून जाणतों. त्यास माझीं दोन उत्तरें आहेत. एक असें कीं, 'आम्हीं सोसलें' असें सांगावयास जे उरले तेच आज बोलत आहेत. ज्यांच्यानें सोसलें नाहीं, ते मधूनच गांवीं परतले, त्यांचीं नांवें हजेरीपटांतून कमी झालीं, आणि त्यांची साक्ष काढावयास कोणी गेलें नाहीं. दुसरें असें कीं, आमच्या वेळीं वर्गांत कोण बसत असे व आज कोण बसतो, हें पाहावें. आज ज्यांच्या घरांत 'सत्र', 'श्रेयांक', 'पुनर्मूल्यांकन' हे शब्द पूर्वीं कधीं उच्चारलेच गेले नाहींत अशीं मुलें-मुली आमच्यापुढें आहेत. माझ्या घरीं माझे वडील शिकलेले होते. निकाल अडला असता तर कोणास भेटावें हें त्यांस ठाऊक होतें. ज्याला असा बाप नाहीं, त्याला विद्यापीठाची दिरंगाई दुप्पट लागते. नियमांतील प्रत्येक अस्पष्टता ही ओळखदेख असलेल्यांस सवलत व नसलेल्यांस शिक्षा असते.

त्यांतही जातीची गोष्ट टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. हैदराबाद येथील केंद्रीय विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याचा मृत्यु १७ जानेवारी २०१६ चा; त्याची शिष्यवृत्ति कित्येक महिने मिळालेली नव्हती. मुंबईंतील तरुण डॉक्टर पायल तडवी हिचा मृत्यु मे २०१९ चा. त्या दोघांच्या माता, राधिका वेमुला व आबेदा तडवी, २०१९ सालीं एकत्र सर्वोच्च न्यायालयांत गेल्या, आणि उच्च शिक्षणसंस्थांत जातिभेदाविरुद्ध प्रभावी व्यवस्था असावी अशी मागणी त्यांनीं केली. ज्या मातांनीं आपलीं मुलें गमावलीं त्यांनीं मागितली ती चांगल्या कारभाराची हमी. दुःखांतून एवढी स्वच्छ दृष्टि त्यांस आली. आम्हां पदव्या मिरविणारांस ती कां येऊं नये?

तिसरा आक्षेप पैशाचा. विद्यापीठांजवळ पैसा नाहीं, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, निम्मे वर्ग तासिका तत्त्वावरील शिक्षक चालवितात. हें खरें आहे, आणि जो शिक्षक स्वतःच पुढील वर्षीं असेल कीं नाहीं हें जाणत नाहीं, त्याच्याकडून विद्यार्थ्याच्या मनाची राखण कशी व्हावी, हा प्रश्न मी शासनास अवश्य विचारीन. नॅकच्या पाहणीसाठीं कागदोपत्रीं प्रत्येक विद्यार्थ्यास 'मार्गदर्शक शिक्षक' नेमून दिलेला असतो; त्या कागदावरील सही पुष्कळदां वर्षांतून एकदांच, सर्वांची एकदम, होते. पण पैशाच्या सबबीखालीं ज्या गोष्टींस पैसा लागत नाहीं त्याही टाळल्या जातात, हें माझें गाऱ्हाणें आहे. त्या गोष्टी मी येथें मोजून देतों.

पहिली: ४५ दिवसांत न लागलेल्या प्रत्येक निकालाचें लेखी कारण व नवी तारीख परीक्षा नियंत्रकांनीं आपल्या सहीनें जाहीर करावी. 'लवकरच' हा शब्द विद्यापीठाच्या सूचनांतून हद्दपार व्हावा. वाईट बातमीपेक्षां अनिश्चितता माणसाला अधिक पोखरते. तारीख कळली म्हणजे निम्मा ताण ओसरतो. दुसरी: महाविद्यालयाच्या वा शिक्षकाच्या चुकीमुळें विद्यार्थ्याचा निकाल अडकला, तर तेवढ्या एका विषयापुरता तपशील राखून बाकीचें गुणपत्रक त्याच दिवशीं द्यावें, आणि विलंबाचा दंड चूक करणारानें भरावा, मी माझा आनंदानें भरला असता. तिसरी: शासनाकडून शिष्यवृत्ति यावयास उशीर झाला म्हणून कोणाची परीक्षा, वसतिगृहांतील खोली वा दाखला अडवूं नये. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज कोणत्या टेबलाशीं अडला आहे हें शोधून काढणें हें महाविद्यालयाच्या लिपिकाचें काम असावें, विद्यार्थ्याचें नव्हे. चौथी: प्रत्येक अर्जास पोंच मिळावी, आणि पोंचीवर उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव व उत्तराची तारीख असावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनीं तक्रार निवारण समिति व तिच्यावर लोकपाल अशी व्यवस्था घालून दिली आहे. लोकपालांकडे किती तक्रारी आल्या व किती निकालांत निघाल्या, हें प्रत्येक सत्राच्या अखेरीस त्याच फलकावर लावावें. पांचवी: नापास झालेल्या विद्यार्थ्यास पुन्हां परीक्षेस बसण्याची संधि कांहीं आठवड्यांच्या आंत मिळावी, आणि आजारीपणामुळें, मग तें आजारपण मनाचें कां असेना, ज्याला एक सत्र सोडावें लागलें त्यास परत येण्याचा दरवाजा नियमांतच लिहिलेला असावा. आज बाहेर जाण्याचे अर्ज छापील मिळतात. परत येण्याचा अर्ज कोणत्याच खिडकीवर मिळत नाहीं.

सहावी गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढतों, कारण तिच्यावांचून पहिल्या पांच टिकणार नाहींत. विद्यार्थ्यांविषयींचे निर्णय जेथें होतात तेथें विद्यार्थी असला पाहिजे, आणि तो विद्यार्थ्यांनीं निवडलेला असला पाहिजे. १९९४ च्या कायद्यानें विद्यार्थी-प्रतिनिधि निवडणुकीनें न घेतां गुणांवरून घेण्याची रीत घातली. २०१६ च्या कायद्यानें निवडणूक पुन्हां पुस्तकांत आणली. २०१९ सालीं ती घेण्याचें ठरलें, आणि मग ती पुढें ढकलण्यांत आली. निवडणुकींत दंगे होतात, पैसा येतो, राजकीय पक्ष शिरतात, हें भय निराधार नाहीं. जुन्या अनुभवांतूनच तें आलें आहे. परंतु त्याचा बंदोबस्त करण्याऐवजीं आवाजच बंद केला, तर गाऱ्हाणें जातें कोठें? तें आंत जातें. वर्गांत प्रथम आलेला विद्यार्थी चांगला प्रतिनिधि असेलही; पण निकाल राखून ठेवल्याचें दुःख त्याला सहसा माहीत नसतें. ज्याला तें माहीत आहे त्याला त्या मेजाशीं खुर्ची मिळाली, तर विद्यापीठाला आपला रोग आपल्याच सभेंत कळेल, आणि विद्यार्थ्याला, मघां सांगितलेला, आपल्या करण्यानें कांहीं घडतें हा धडाही मिळेल.

आतां एक खुलासा. सर्व मानसिक दुःखाचें मूळ विद्यापीठाच्या कार्यालयांत आहे असें मीं म्हटलेलें नाहीं. घरचें दारिद्र्य, प्रेमभंग, व्यसन, आणि कोणत्याही बाह्य कारणावांचून येणारा विषादाचा रोग, हीं सारीं खरीं आहेत, आणि त्यांस डॉक्टर व औषध लागतें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणारास गुन्हेगार न समजतां तीव्र तणावाखालील माणूस समजावें व त्याची काळजी घ्यावी, असें ठरविलें आहे. आमच्या वसतिगृहांच्या अधीक्षकांनीं तो कायदा एकदां तरी वाचावा. हा लेख वाचणारा कोणी विद्यार्थी आज, या क्षणीं, हताश झालेला असेल, तर त्यानें अधिसभेच्या ठरावाची वाट पाहूं नये. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरापासून सुरू आहे. तेथें बोलावें, किंवा ज्या शिक्षकावर थोडा विश्वास वाटतो त्याच्या दारावर थाप मारावी. दार उघडलें नाहीं तर दुसऱ्या शिक्षकाच्या दारावर मारावी. चूक तुझीच आहे असें धरून बसूं नये. ती पुष्कळदां आमची असते.

शेवटीं माझ्या व्यवसायबंधूंस एकच विनंति आहे. आपणांपैकीं कित्येक जण अभ्यासमंडळांवर, विद्या परिषदेंत, अधिसभेंत बसतात. पुढील बैठकींत इतर सर्व प्रश्नांबरोबर एक प्रश्न लेखी विचारावा: गेल्या वर्षीं किती विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवले गेले, किती दिवस, आणि त्यांतील किती प्रकरणांत दोष विद्यार्थ्याचा होता? उत्तर येईल तेव्हां तें इतिवृत्तांत नोंदवून घ्यावें. आणि तत्पूर्वीं, घरीं जाऊन, आपण धाडलेल्या गुणांच्या याद्यांच्या प्रती एकदां तपासाव्यात. मी आतां दर सत्रास त्या दोनदां तपासतों. त्या विद्यार्थ्याची हुकलेली नोकरी त्यानें परत येत नाहीं, हें मला कळतें.